काळ्या रानातली पांढरी मोटार

आमच्या सासरी मोटार आली तेव्हा ती काळी होती. ती पांढरी का झाली, आणि पांढरी राहावी म्हणून एका माणसाने काय काय उपद्व्याप केले, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. गावात विचाराल तर सांगतील, मालकांना शौक होता. शौक होताच, नाही कोण म्हणतं? पण नुसत्या शौकापायी माणूस रोज सकाळी उठून पत्र्याचं तोंड धूत बसत नाही.

मालक म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. घर गावाच्या कडेला, माळवदाचं, तोंड रानाकडे. कुरुंद्याच्या अंगाचा तो सगळा भाग काळ्या मातीचा, हळदीचा आणि ज्वारीचा. राज्य निजामाचं. आमच्या ओट्यावर बसलं की वसमतकडून येणारी गाडीवाट थेट आमराईपर्यंत दिसायची. आमराईनंतर एक बाभूळ, मग ओढा, आणि मग आमचं फाटक. या चार ठिकाणांची नावं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मी लग्न होऊन आले ती परभणीहून, चौथी शिकलेली आणि तोंडाने फटकळ. निघताना आईने सांगितलं होतं, सासरी तोंडाला कुलूप लाव. कुलूप मी लावलं, पण किल्ली बरोबर घेऊन आले. आत्याबाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. घरात दिवसभर बोलायला त्यांनाही कुणीतरी हवंच होतं. आमचे हे शेतावर, मामंजी बाजाराला नाहीतर कचेरीला.

मोटार यायच्या आधी मामंजी दमणीने जात. दमणीला पांढऱ्या बैलांची जोडी होती. संध्याकाळी ती जोडी आमराईतून बाहेर पडली की आत्याबाई ओट्यावरून उठायच्या आणि तवा चुलीवर ठेवायच्या. मामंजी पाय धुऊन पाटावर बसले की पहिली भाकरी ताटात पडलीच पाहिजे, हा त्या दोघांचा नेम. त्यांचं एकमेकांशी बोलणं फार नसायचं. जे काही होतं ते त्या भाकरीच्या वेळेत होतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

मग एका सरकारी साहेबाची बदली झाली आणि जाताना तो आपली छोटी मोटार मामंजींना विकून गेला. पुढे दोन माणसं, मागे दोन, तीही अंग चोरून. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव डबी ठेवलं. साहेबाच्या ड्रायव्हरने मामंजींना चालवायला शिकवलं, पण बैलांची सवय जाता जाईना. गाडी थांबवायची झाली की पायाने ब्रेक दाबायचे आणि तोंडाने "हो, हो" म्हणायचे. मी पदराआड हसायची. गाडी दोन्हीला मान द्यायची आणि थांबायची.

डबी काळी, माती काळी, वाट काळी. आत्याबाई ओट्यावर बसायच्या, पण गाडी कुठवर आली ते त्यांना उमगायचं नाही. आवाज ऐकू यायचा, गाडी दिसायची नाही. मामंजी दारात आले तरी तवा खालीच. मामंजींचं तोंड उतरायचं. मोटारीने ते बैलांपेक्षा लवकर यायचे आणि भाकरी मात्र उशिरा मिळायची.

एका संध्याकाळी शेरडाचं पिल्लू फाटकाबाहेर गेलं म्हणून आत्याबाई त्याच्या मागे वाटेवर गेल्या. तेवढ्यात मोटारीचा आवाज आला. आवाज ऐकून माणूस बाजूला होतो, आत्याबाई उलट मोटारीच्या समोरच आल्या. मामंजींनी ब्रेक दाबला, हो हो केलं, गाडी त्यांच्या लुगड्याला लागून थांबली. मामंजी खाली उतरले. दिसत नाही का, म्हणून ओरडले. आत्याबाईंनी पिल्लू उचललं आणि शांतपणे म्हणाल्या, "काळ्या मातीत काळी गाडी. कुणाला दिसंल?"

मामंजी परत गाडीत बसले. पण माणूस हुशार. गाडी दिसली नाही इथवर ठीक होतं. पण उजेड अजून होता, मला ओट्यावरून गाडी आणि आत्याबाई दोन्ही दिसत होत्या, शेरडाच्या पिल्लाला पण गाडी दिसली होती. पुढच्याच आठवड्यात ते आत्याबाईंना नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही मागच्या सीटवर होते, गुडघे हनुवटीला लावून.

डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकेल तितकी टिकेल, थेंब घालत जा. मामंजींनी विचारलं, मग आता काहीच करता येणार नाही का? डॉक्टरांना त्यांची दया आली असावी. ते म्हणाले, काळं आणि पांढरं यातला फरक बाईंना बरेच दिवस कळत राहील. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं. डॉक्टर बाकी जे बोलले ते मामंजींनी नांदेडातच सोडलं आणि हे एवढं वाक्य घेऊन गावी आले. गाडी पांढरी करायची.

आता पांढरा म्हणजे पांढरा, त्यात निवडायचं काय, असं मला वाटलं होतं. मामंजींना तसं वाटत नव्हतं. त्यांनी हिंगोलीहून एक रंगारी बोलावला. दारं, पाळणे, गाड्यांची चाकं रंगवणारा तो माणूस, मोटार त्याने आयुष्यात रंगवली नव्हती आणि तसं त्याने कबूलही केलं. सफेदा जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटून त्याने रंग केला. मामंजींनी त्याच्याकडून पत्र्याचे तुकडे रंगवून घेतले. एक निखळ पांढरा, एक दुधाच्या सायीसारखा, एक चिमूटभर नीळ घातलेला, आणि असावेत म्हणून एक तांबडा, एक पिवळा. हे सगळे तुकडे वाटेवरच्या बाभळीला टांगले. आत्याबाईंना ओट्यावर बसवलं. बाभळीखाली आमचा गडी उभा, तो एकेका तुकड्याला हात लावणार, आणि आत्याबाईंनी दिसतो की नाही ते सांगायचं.

हा कार्यक्रम सकाळी झाला, दुपारी झाला, दिवस मावळतानाही झाला. तांबडा संध्याकाळी नाहीसाच व्हायचा. पिवळा काळ्या मातीवर दिसायचा पण ज्वारीच्या धसकटांत हरवायचा. सायीसारखा मामंजींना आवडला होता, पण त्यांच्या आवडीला कोण विचारतो. आत्याबाईंनी नीळ घातलेल्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, तो डोळ्याला येऊन लागतो. मामंजींनी त्या दिवशी रंगाऱ्याला दोनदा जेवायला बसवलं.

तुकडे काढायचे मात्र राहून गेले. बाभळीला रंगीत पत्रे हलताहेत म्हटल्यावर मालकांनी कसला तरी नवस बांधला असं गावाने ठरवलं. आधी खाली एक लिंबू आलं, मग नारळ, मग कुणीतरी धोंड्याला शेंदूर लावला. मामंजी पत्रे उतरवायला गेले तर शेरडं राखणारी एक म्हातारी आडवी आली. पत्रे लागल्यापासून तिच्या शेरडांची खोकरी थांबली होती. मामंजी तसेच परत आले. पुढे कितीतरी वर्षं त्या बाभळीला पूजा चालू होती, आणि दर वेळी तिथून जाताना मामंजी दुसरीकडे बघायचे.

पावसाळा सरल्यावर, धूळ उडायला लागायच्या आधी, गोठ्याशेजारच्या छपरात गाडी रंगवली. दारांना ओली पोती लावली होती. रंग वाळेपर्यंत अंगण झाडायला बंदी, चुलीचा धूर तिकडे जायला बंदी, मोठ्याने शिंकायलाही जवळजवळ बंदीच. एवढं करून एक डास दाराच्या रंगात अडकलाच. तो काढायला गेलं तर ओरखडा पडेल म्हणून तसाच राहू दिला. आमच्या गाडीचा तो कायमचा उतारू.

पाडव्याला गाडीची पूजा केली. आत्याबाईंनी बॉनेटवर मूठभर हळद, मूठभर कुंकू ओलं करून लावलं, पाच बोटं ओढली. पूजा होताच मामंजी बादली आणि साबण घेऊन धावले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. साबण लागताच हळद लालभडक झाली. जितकं घासावं तितकी पसरायला लागली. हळदीच्या रानात जन्मलेल्या, हळदीवर घर चालवणाऱ्या माणसाने हळदीच्या डागाला साबण लावावा, म्हणजे कमाल झाली. मी विचारलं तर म्हणाले, मला वाटलं ते कापडाला होतं, पत्र्याला कसं होईल. पुढे उन्हाने तो डाग उतरला, पण तोवर मामंजींनी हुकूम काढला होता. यापुढे हळदीकुंकू टायरला.

आत्याबाईंचा जीव दुखावला. त्यांनी मला ऐकवलं, पण मामंजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "गाडीचं कपाळ सोडून पायाला कुंकू. ही कुठली रीत?" मामंजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दर सणाला टायरला हळदीकुंकू लागायचं आणि दर सणाला आत्याबाई हे वाक्य म्हणायच्या.

पांढरा रंग सांभाळणं म्हणजे लहान लेकराला सांभाळण्यासारखं, हे मी जवळून पाहिलं आहे. काळी माती पावसात चाकाला आणि दाराला थापली जायची. ती वाळल्यावर घासली की रंगावर रेघा उठतात. म्हणून मामंजी ओलं पोतं तिच्यावर टाकून ठेवायचे आणि ती आपण होऊन सुटेपर्यंत बाजूला बसून राहायचे. जुन्या धोतराचं मऊ फडकं वेगळं ठेवलेलं असायचं, त्याला माझा हात लागला तर चौकशी व्हायची. कावळा वरून घाण करून गेला तर जेवणाच्या ताटावरून उठायचे. सगळ्यांत वाईट दिवस हळद शिजवायचे. घरादारात, अंगणात पिवळी धूळ, घरातल्या प्रत्येकाचे हात पिवळे. तेव्हा गाडी लांब चिंचेखाली, आणि तिच्यापाशी जायचं तर आधी हात दाखवायचे. मी एकदा विचारलं, मामंजी, गाडीला सोवळं नेसवायचं का? हसले, पण हात बघितलेच.

भोंग्यालाही त्यांनी फडकं बांधून टाकलं होतं. रबरी भोंगा होता, दाबला की म्हशीसारखा ओरडायचा. एकदा त्या आवाजाने मेंढरं उधळली आणि मेंढक्याने दारात येऊन गाऱ्हाणं घातलं. तेव्हापासून मामंजी म्हणायचे, "मोटार दिसली पायजे, वरडली न्हाई पायजे."

आणि दिसायची. आमराईतून ती पांढरी डबी बाहेर पडली की आत्याबाई "दिसली" म्हणायच्या आणि उठायच्या. तवा चुलीवर जायचा. मामंजी फाटकात उतरले की पहिला प्रश्न ठरलेला, "दिसली का?" दिसली. "कुठून?" आमराईपासून. एवढं ऐकलं की तो माणूस दिवसभराचा शीण विसरायचा. मला त्या दोघांचं हसू यायचं आणि हेवाही वाटायचा. आमच्या ह्यांनी मी कुठून दिसते असं कधी विचारलं नाही.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं. गाडी पंधरा पंधरा दिवस उभी असायची. एकदा जवळा बाजारच्या बाजाराला जाताना तेवढं पुरलं आणि येताना संपलं. मामंजींनी ओळखीच्याचे बैल मागून घेतले आणि गाडीला जुंपून आणली. आपण आत बसून चाक धरलेलं, पुढे बैल, आणि तोंडाने हो हो. या वेळी ते योग्य ठिकाणी चाललं होतं. आत्याबाई ओट्यावर बसल्या बसल्या पोट धरून हसल्या.

पण त्या लढाईच्या वर्षांतच उत्तर बदलायला लागलं. कुठून दिसली? बाभळीपासून. मग काही महिन्यांनी, ओढ्यापासून. मामंजी गाडीभोवती फिरायचे, तिच्यावर बोट ओढून बघायचे. रंग मंद झालाय म्हणायचे. रंगाऱ्याला बोलावून एक हात दिला, पुढच्या वर्षी आणखी एक. मला तर रंगात काही उणं दिसत नव्हतं. एकदा मी ते बोलूनही दाखवलं, की मला आमराईपासून दिसते. मामंजी म्हणाले, तुझे डोळे तरणे आहेत पोरी. आणि परत पुसायला लागले. डॉक्टरचं बाकीचं बोलणं त्यांनी नांदेडात सोडलं होतं ना, ते आणायला ते काही परत जाणार नव्हते.

तो दुसरा हात दिल्यावर चमत्कार झाला. कुठून दिसली? आत्याबाई म्हणाल्या, आमराईपासून. मामंजींचा आनंद बघवत नव्हता. त्यांनी रंगाऱ्याला धोतरजोडी दिली.

मला तो चमत्कार काही पटेना. मी आत्याबाईंजवळ ओट्यावर डाळ निवडत बसायची. एके दिवशी त्या "दिसली" म्हणाल्या आणि उठल्या. मी मान वर करून बघितलं. वाट रिकामी होती. आमराईच्या पलीकडून बारीकसा आवाज येत होता, आणि गाडी बाहेर पडली ती आत्याबाई चुलीपाशी पोचल्यावर. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या तव्यावर पाणी शिंपडून चुर्र आवाज ऐकत होत्या. मी विचारलं, आत्याबाई, तुम्हाला गाडी दिसतच नाही ना?

त्यांनी पीठ पुढे ओढलं. त्यात पाणी घालत म्हणाल्या, "त्यांना सांगू नको. त्यांना वाटून राहिलं रंगाचं काम हाय. वाटू दे."

मी म्हटलं, अहो, पण ते वेड्यासारखे गाडी पुसत बसतात.

"पुसू दे. गाडी पुसताना माणूस रडत न्हाई."

मला तेव्हा राग आला होता, हे खरं सांगते. दोघांचाही. एकाने पुसायचं, एकीने दिसली म्हणायचं, आणि मधे मी. पण त्या भाकरी थापत होत्या आणि भाकरी चंद्रासारखी गोल होत होती. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

मग ते शेवटचं वर्ष आलं. राज्य जाणार की राहणार कुणाला माहीत नव्हतं. गावोगाव हत्यारं घेतलेल्या टोळ्या फिरत होत्या, ज्याच्याकडे जे दिसेल ते नेत होत्या. आमच्या ओळखीची काही कुटुंबं नदी उतरून वऱ्हाडात निघून गेली. मामंजींना सगळे एकच सांगायचे, मालक, तुमची गाडी कोसावरून दिसते. आजवर हे ऐकून ते खूश व्हायचे. आता त्यांनी ओढ्याची काळी माती कालवून स्वतःच्या हाताने गाडीला थापली. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मामंजींनी त्यांना आवाज देऊन सांगितलं, थोडे दिवसच हं. मातीवरही भागेना तेव्हा गाडी छपरात ढकलली आणि तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. बाहेरून नुसती गंजी दिसायची. जी दिसावी म्हणून एवढा खटाटोप केला ती आता कुणालाच दिसू नये म्हणून धडपड. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

ते महिने आम्ही घरातच काढले. आमच्या गावावर काही आलं नाही, पण भीती रोज यायची. आत्याबाईंची उरलीसुरली नजर त्याच महिन्यांत गेली. भिंतीला हात लावून चालायच्या, घागर भरली की नाही ते आवाजावर ओळखायच्या. मामंजी ओट्यावर नाहीतर गंजीपाशी बसलेले असायचे, त्यांच्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. गाडी गंजीत होती, त्यामुळे कुठून दिसली हा प्रश्नच नव्हता.

भादव्यात सगळं निवळलं. निजामाचं राज्य गेलं. लोक बाहेर पडायला लागले, बाजार भरायला लागला. मामंजींनी गड्यांना लावून कडबा काढला, गाडी अंगणात ओढली, पाण्याने माती सोडवली. पोत्यावर पोती भिजवून, नेहमीच्या रीतीने, घाई न करता. माती गळून पडली आणि आतून गाडी निघाली ती पिवळी. डाग नव्हे, सगळीच्या सगळी पिवळी, जुन्या हस्तिदंतासारखी. गडी म्हणाला, कडब्याचा रंग लागला. कुणी म्हणालं हळदीची धूळ. जवसाच्या तेलाचा पांढरा रंग अंधारात कोंडला की पिवळा पडतो, हे आम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी मामंजी फडकं हातात घेऊन उभे होते आणि पुसण्यासारखं काही नव्हतं.

आम्हाला त्यांनी एकच बजावलं. आत्याबाईंना सांगू नका, तिला वाईट वाटेल. रंगारी दसऱ्यानंतर येणार होता. तोवर ती बघेल तेव्हा बघेल.

दसऱ्याला पूजा झाली. मी आत्याबाईंचा हात धरून त्यांना गाडीपुढे आणलं, दुसऱ्या हातात ताट. मामंजी बाजूला उभे होते. ते गाडीकडे बघत नव्हते, आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होते. आता ही काय म्हणते, याची धास्ती त्यांच्या सगळ्या अंगावर दिसत होती.

आत्याबाईंनी ओवाळलं. ताट माझ्याकडे दिलं. आणि हसून म्हणाल्या, "इतके महिने कडब्यात राहून पण कशी पांढरीफक राहिली बघा तुमची गाडी."

गड्याने मान खाली घातली. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. सून म्हणून मी त्यांच्यापुढे नेहमी नजर खाली ठेवायची. त्या दिवशी ठेवली नाही. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं आणि मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं, दोघांनी तोंड न उघडता.

"व्हय," मामंजी म्हणाले. "तशीच हाय."

आत्याबाई खाली वाकून टायर चाचपायला लागल्या. मामंजी पुढे झाले. "टायरला नको. आज कपाळाला लाव."

"डाग पडंल."

"पडू दे."

त्यांनी आत्याबाईंचं मनगट धरलं आणि हात बॉनेटवर नेऊन टेकवला. चारचौघांत त्यांनी बायकोचा हात धरलेला मी तेवढा एकदाच पाहिला. हळदीने माखलेली पाच बोटं त्या पिवळ्या पत्र्यावर उमटली. मला रडू आवरेना, म्हणून मी ताट आत ठेवायला गेले.

त्यानंतर गाडी छपरात गेली नाही. झाकणं, पोतं, चिंचेची सावली, सगळं मामंजींनी सोडलं. डबी आपली अंगणात उन्हात उभी. आणि गंमत बघा, रंगारी यायच्या आधीच ती उन्हाने उजळायला लागली. पिवळेपणा गेला आणि नीळ घातलेला तो जुना पांढरा खालून वर आला. हळदीचा हातही त्याच उन्हाने नेला. मामंजी एका सकाळी मला म्हणाले, सूनबाई, हात गेला बघ. रंगाऱ्याला त्यांनी तसंच परत पाठवलं.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी ते पहिल्यांदा गाडी घेऊन जवळा बाजारला गेले. संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, कान वाटेकडे. मी शेजारी डाळ निवडत होते. दिवस मावळायला आला होता आणि मेंढरं परतत होती.

आमराईतून भोंगा वाजला. म्हशीसारखा, लांबलचक. मेंढरं उधळली, मेंढका शिव्या देत मागे धावला. गाडी अजून बाहेरही आली नव्हती.

"हे काहून भोंगा वाजवून राहिले?" आत्याबाई म्हणाल्या.

बाभळीपाशी परत वाजला. मग ओढ्यावर. प्रत्येक ठिकाणी एकदाच, मधे गप्प. आत्याबाईंचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. ओढ्यावरचा ऐकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "कळलं म्हणायचं त्यांना."

फाटकात गाडी थांबली. भोंग्यावरचं फडकं सोडलेलं होतं. मामंजी उतरले, ओट्यापाशी आले, आणि इतक्या वर्षांचा तो प्रश्न त्या दिवशी त्यांनी दुसराच विचारला.

"ऐकू आली का?"

"आली," आत्याबाई म्हणाल्या. "आमराईपासून." आणि भिंतीला हात लावत तवा ठेवायला आत गेल्या.